पायलट गाडीचा आरसा

नाना, काल तुमच्या तिथीला तुमच्या घरी, अक्कांच्या हातचं जेवून आलो. खापरावरचे मांडे होते. तुम्ही असता तर तिसरा मागितला असता, मी पहिलाच कसाबसा संपवला.

धुळ्याच्या पोलीस गाड्यांवर मला तुम्ही घडवलंत. मंत्री, मोठे साहेब, कधी एखादी सिनेमातली बाई, जो कोणी जिल्ह्यात येईल त्याच्या ताफ्यापुढे आपली पायलट गाडी. जळगावच्या हद्दीवर पाहुणा तिकडच्या पोलिसांच्या हवाली करायचा आणि माघारी फिरायचं. पहिल्याच आठवड्यात मी रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीसाठी करकचून ब्रेक मारला आणि मागच्या पाच गाड्या एकमेकींवर आदळता आदळता राहिल्या. तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. "पुढे रस्ता शे, मांगे मानूस शे. ध्यान मांगे ठेव! उद्या मी जरी रस्तावर उभा राह्यनू तरी थांबानं नई." संध्याकाळी तुम्हीच घरी नेऊन भरीत-भाकरी खाऊ घातलीत. निवृत्त झालात तेव्हा स्वतःच्या पैशाने आणलेला गोल आरसा माझ्या गाडीला लावून दिलात. "याम्हा बठ्ठं दिसस," म्हणालात.

बठ्ठंच दिसलं, नाना, सगळंच.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मंत्र्यांना उशीर झालेला, वायरलेसवर सारखं 'वेग वाढवा, वेग वाढवा' चाललेलं. पारोळ्याच्या रस्त्याला तुमच्या गावचा फाटा येतो, तिथे निंबाखाली तुम्ही उभे होता. पांढरी बंडी, एक हात वर. मी तुम्हाला लांबूनच ओळखलं. पाय ब्रेककडे गेलासुद्धा नाही, इतकं तुम्ही मला पक्कं शिकवलं होतं. मग तुम्ही आरशात आलात आणि लहान लहान होत गेलात. ताफ्याच्या शेवटी नियमाप्रमाणे रुग्णवाहिका होती, आत डॉक्टर, पेशंट कोणी नाही. वायरलेसवर एक शब्द बोललो असतो तर ती थांबली असती. मी माईक हातात घेतलाही होता. साहेब विचारतील, कशासाठी थांबवली, या भीतीने परत ठेवला. एवढंच झालं.

हद्दीवरून परत आलो तेव्हा फाट्यावर माणसं जमली होती आणि अक्का तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणीतरी मला विचारलं, ताफा गेला तेव्हा नाना उभे होते का? माझ्या तोंडून निघून गेलं, "उभे होते. ताफ्याला सलाम ठोकला त्यांनी." मी का तसं म्हणालो ते मला अजूनही सांगता येत नाही. शोकसभेत मोठ्या साहेबांनी तेच सांगितलं, शेवटच्या श्वासापर्यंत शिस्त म्हणून, आणि लोकांनी डोळे पुसले. तेव्हापासून दरवर्षी अक्का ती गोष्ट मला सांगायला लावतात. आता मी ती फार छान सांगतो. टाचा जुळवल्याचा आवाजसुद्धा घालतो. धावत्या गाडीत तो मला कसा ऐकू आला, हे आजवर कोणी विचारलं नाही.

काल वाढता वाढता अक्कांनी सहज विचारलं, "भाऊ, तेस्नी सलाम कोनता हातवरी ठोका व्हता?"

"उजव्या. सलाम उजव्याच हाताने असतो, अक्का."

"हाव," त्या म्हणाल्या आणि तूप वाढलं. तुपाची वाटी खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेस्ना उजवा हात छातीवर व्हता. बंडी मुठीम्हा धरेल व्हती. मूठ सोडाले दोन जन लागनात." मग त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मांडा घातला आणि मी खाली मान घालून तो संपवला.

रात्रभर लाज वाटत राहिली. अक्कांना हे कधीपासून ठाऊक आहे? ठाऊक असून त्या दरवर्षी मला गोष्ट सांगायला लावतात, की कालच त्यांच्या मनात आलं? विचारायची माझी हिंमत नाही. आरसा अजून गाडीला आहे. तो काढून टाकावा असं वाटतं, पण हात जात नाही. दर ताफ्याला तो फाटा आला की मी त्यात बघतो आणि निंबाखाली कोणी नसलं तरी माझा पाय ब्रेककडे जातो.

हे पत्र अक्कांना द्यावं असं सकाळपासून दोनदा वाटलं. पण त्यांना वाचता येत नाही. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं आणि त्या ते मलाच सांगणार. म्हणून घडी घालून वर्दीच्या खिशात ठेवतोय.

डावा होता, नाना. मला तेव्हाच दिसलं होतं.