आत्याबाईंचा भिंतीवरचा फोटो

३ नोव्हेंबर १९९६, केज
आजपासून फोटोग्राफी सीरियसली. कारणही तसंच आहे. शेजारच्या जानकीबाई गेल्या. त्यांचा एकही धड फोटो सापडेना, म्हणून कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोमधून त्यांचं तोंड मोठं करून भिंतीवर लावलं. आत्याबाई तिथून आल्या त्या तणतणतच. (लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते.) म्हणाल्या, "त्यात जानकी कमी अन् विहिणीचा कोपर जास्त. हार कोपराला घातलाय! सरस्वती, माझं असलं न्हाई चालायचं. मालकांच्या शेजारी लावायचा फोटो हाय, माझ्यासारखा दिसला पाह्यजे. मी हाय तवर काढून ठेव."
पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईनं किती विश्वासानं काम सांगितलं! डोळे भरून आले. दिवाळीच्या आत करून टाकते.

२० नोव्हेंबर
दिवाळी झाली. घरातल्या साध्या कॅमेऱ्यानं अख्खा रोल संपवला. फ्लॅश उडाला की आत्याबाई डोळे मिटतात. सगळ्या फोटोंत मिटलेले. दुकानातून जेवायला आल्यावर ह्यांनी एकेक प्रिंट पाहिली आणि म्हणाले, "आई गेल्यावरच लावायचेत ना, मग चालतील की." कापडाच्या दुकानात आयुष्य गेल्यावर माणसाला कलेचं काय कळणार!
दोष माझा नाही. कॅमेरा बदलावा लागेल.

१४ मार्च १९९७
एसएलआर कॅमेरा आला! पुतण्या वीरेशनं हैदराबादहून सेकंडहँड आणला. चामड्याच्या केसचा वास घेतला आणि एकदम सोलापूरची कॉन्व्हेंट शाळा आठवली. सिस्टर आम्हा मुलींना गुलमोहराखाली ओळीत उभं करायच्या आणि म्हणायच्या, "डोन्ट ब्रीद, गर्ल्स." त्या फोटोत आम्ही सगळ्या गुदमरलेल्या दिसतो, पण काय शार्प!

१६ मार्च
अंगणात आत्याबाईंचं सेशन. फोकस जमेपर्यंत त्या दोनदा डुलक्या घेऊन उठल्या. पण नवल म्हणजे छत्तीसचा रोल आणि फोटो निघाले बेचाळीस! अजून निघत होते, मीच थांबले. चांगल्या कॅमेऱ्याची गोष्टच वेगळी.

२५ मार्च
बीडहून रोल धुऊन आला. कोरा. फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं म्हणे, रोल जागच्या जागी बसून होता. आत्याबाईंना सांगितलं, ती प्रॅक्टिस होती. म्हणाल्या, "मग मला नवं लुगडं कशापायी नेसवलंस?"

१० जानेवारी १९९९
मधल्या काळात फुलं, शेळ्या आणि दुकानाची पाटी यांचे फोटो काढून हात साफ केला. चेहऱ्यासाठी लांबची लेन्स हवी, असं एका मासिकात वाचलं. घेतली.

१७ जानेवारी
लेन्स फारच लांबची निघाली. आत्याबाई ओट्यावर आणि मी रस्त्यापलीकडे, किराणा दुकानाच्या पायरीवर. गर्दी जमली. कुणी विचारलं, "कोन मंत्री येणार हाय का?" आत्याबाईंनी तिथूनच ओरडून सांगितलं, "न्हाई रे बाबा, मी जाणार हाय!"
मधून जीपा चालूच.

२९ जानेवारी
प्रिंट आल्या. जीपच्या मागं लटकलेला आमच्या गल्लीतला धुळाजी अप्रतिम आलाय. मिशीचा केस न् केस मोजावा. त्यानं दोन कॉप्या नेल्या, एक सासुरवाडीला पाठवणार आहे. आत्याबाई जीपच्या मागे आहेत.
एक नोंद. लेन्समधून पाहताना त्यांचा चेहरा पूर्वीपेक्षा लहान वाटला. लेन्समुळेच असणार.

५ सप्टेंबर २०००
आत्याबाईंना चार दिवस ताप. डॉक्टर काही स्पष्ट बोलेनात. मी घाबरून कॅमेरा घेऊन पलंगाशी गेले. त्यांनी एक डोळा उघडला. "ठेव तो. आज मरत न्हाई मी. अन् केस तरी विंचर की माझे आधी." केस विंचरून दिले. किती विरळ झालेत. रोल घातलाच नव्हता, हे कुणाला कळलं नाही.
निश्चय: त्या उठून बसल्या की पहिलं काम हेच.

८ जून २००२
डिजिटल आला! रोल नको, धुणं नको, बीडच्या खेपा नकोत. आज पहिल्याच दिवशी आत्याबाई सरळ बसलेल्या, डोळे उघडे, ओठांवर थोडं हसू, अशा सुरेख आल्या. वीरेश म्हणाला, "काकू, हाच छापा. हात लावू नका." पण त्यानंच तर कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घालून दिलंय. ते असताना फोटो तसाच छापायचा म्हणजे निव्वळ आळस.

२२ जून
लोडशेडिंगमुळे केलेलं काम दोनदा गेलं. तरी चिकाटी सोडली नाही. सॉफ्टवेअरमध्ये ओरखडे घालवायची सोय आहे. एक क्लिक केलं की चेहरा चकाचक. लगेच सेव्ह केलं, जुन्याच नावानं. उगाच पसारा नको.

३० जून
प्रिंट दाखवली. आत्याबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "लई छान हाय. कोन ही?"
सुरकुत्या गेल्या ते ठीक. पण कपाळावरचे भस्माचे तीन पट्टेही सॉफ्टवेअरला ओरखडे वाटले. "रोज लिंगपूजा करून लावते गं मी," त्या हळूच म्हणाल्या. "जितेपणीच पुसलंस व्हय." चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मूळ फोटो आता नाही. रात्री जेवण गेलं नाही. टेक्निक मात्र मला जमलं आहे, यात शंका नाही.

१२ फेब्रुवारी २००३
नवा डिजिटल. मेगापिक्सल दुप्पट. उद्या सकाळी फायनल. ह्यांच्या दुकानातून पांढरं मांजरपाट आणलंय, चेहऱ्यावर उजेड पाडायला. हे म्हणाले, "आई तुझ्या फोटोसाठीच टिकलीय. काढू नकोस." थट्टेकडे लक्ष देत नाही.

१३ फेब्रुवारी
सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. सावली कुठं पडते ते पाहायला मीच आत्याबाईंच्या खुर्चीत बसले, मांजरपाट हातात धरून. तेवढा वेळ कॅमेरा त्यांच्याकडे दिला. बजावलं होतं, नुसता धरा, कशाला हात लावू नका. त्यांनी दाबलं. मी ओरडले, "अहो आत्याबाई, नको!" त्यांनी पुन्हा दाबलं. मग मला हसूच आवरेना.
तेवढ्यात बॅटरी संपली.

१५ फेब्रुवारी
वीरेशनं ते दोन फोटो कॉम्प्युटरवर लावले. पहिल्यात नुसतं मांजरपाट. दुसऱ्यात मी. तोंड उघडं, केस सुटलेले, हसून हसून डोळ्यांत पाणी. ना फोकस पाहिला, ना उजेड! वीरेश म्हणतो, इतक्या वर्षांत या घरात निघालेला हा पहिला खरा फोटो. मी सॉफ्टवेअर उघडलं, निदान केस तरी नीट करावेत म्हणून. ह्यांनी माझा हात धरला. फोटोकडे पाहत म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आलीस, तेव्हा अशीच हसली होतीस." मला आठवत नाही. त्यांना आठवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

१ मार्च
हे बीडला गेले होते. न विचारता तो फोटो मोठा करून, फ्रेम घालूनच घेऊन आले. आत्याबाईंनी पदरानं काच पुसली. फ्रेम लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. अगदी समाधानानं म्हणाल्या, "हुबेहूब तूच. चला, तुझी तर सोय झाली. माझा काढ आता निवांत."