आप्पांचं कॉफीचं मशीन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप सौ. अक्काच्या पायांवर धाकट्या गुरुलिंगाचं डोकं (मागच्या पत्रानंतर त्यावरचे केस आणखी कमी झालेत, बाकी डोकं तेच). दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? धारवाडची हवा कंबरेला बरी नाही असं हेमावती म्हणते. ती धारवाडला कधी गेलेली नाही, पण तिचं मत पक्कं आहे.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. रीत पाळून झाली, आता खरं सांगतो. आप्पांचं कॉफी दळायचं मशीन मोडलं.

आप्पांची पहाट तुला ठाऊक आहेच. पाचला उठायचं, कपाळाला विभूती लावायची आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फळीला आवळलेल्या त्या मशीनमध्ये मूठभर बिया टाकून दांडा फिरवायचा. त्या घरघरीवर आमची अर्धी गल्ली उठते. दुकानातलं काम सुटलं, पुढं आप्पांचा संसार अर्ध्यावर टाकून अव्वा गेली, आणि या घरात आप्पांनी हक्कानं करावं असं तेवढं एकच काम राहिलं. मी मास्तर असूनही हे मला मशीन मोडल्यावर कळलं.

मोडलं कुणी, हे तू विचारायच्या आधीच सांगून टाकतो. मी मोडलं. हेमावती चार दिवस माहेरी अक्कलकोटला गेली होती आणि डब्यातली शेंगाची चटणी तिसऱ्याच दिवशी संपली. आता चटणीशिवाय भाकरी खाणारा माणूस सोलापुरात सापडेल का? उखळात कुटायचा मला कंटाळा (हे हेमावतीला कळवू नकोस, तिला ते ठाऊकच आहे). समोर मशीन दिसलं. भाजके दाणे, लसूण, तिखट, मीठ, सगळं एकदम घातलं आणि लागलो फिरवायला. दाण्याला तेल सुटतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण सुटलेलं तेल आत जाऊन गच्च चिखल करतं आणि मग दांडा हलत नाही, हे माहीत नव्हतं. मी अंगातलं सगळं बळ लावलं. काड्‌दिशी आवाज झाला आणि आतल्या चक्राचे तीन दात चटणीत आले. आप्पा दुपारची झोप टाकून उठून आले. त्यांनी मशीन सोडवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि "ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणून फळीवर उपडं ठेवलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पाचलाच उठतात, खिडकीशी जाऊन उभे राहतात आणि मग बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. उडप्याकडून ताजी पूड आणली, तर वास घेऊन "ही कवाची हाय?" म्हणाले आणि पेला सरकवला. अक्का, पंधरा दिवस त्यांनी घरात कॉफीचा घोट घेतलेला नाही. बोलणंही कमी झालंय. मला रात्री जेवण जात नाही (चटणी तर मुळीच नाही).

आपल्या गावात लोखंडाचं काहीही मोडलं की माणूस यंत्रमागाच्या मिस्त्रीकडे जातो. मीही गेलो. मिस्त्रीनं नवे दात बसवून दिले, वर मायेनं मागाला घालतात तसं भरपूर तेलही घातलं. त्या दिवशीच्या कॉफीवर सात रंग तरंगत होते. आप्पांनी ती मुकाट्यानं जास्वंदीला ओतली. तिसऱ्या दिवशी दातही गेले (जास्वंद अजून आहे). मग भांड्यांच्या दुकानात जाऊन विजेच्या मिक्सरवर बिया फिरवून आणल्या. दुकानदारानं त्याची एवढी स्तुती केली की मी जवळजवळ शाळेची नोकरी सोडून मिक्सर विकायला लागलो असतो. बियांचं गरमगरम पीठ झालं. आप्पांनी चिमटीत धरून पाहिलं.

"हे पीठ हाय," ते म्हणाले. "कॉफी न्हाय."

एवढ्यात शिवप्पाचं कार्ड आलं. हा हेमावतीचा धाकटा भाऊ, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे. तिथले एक जुने गोरे साहेब बंगला रिकामा करून मुलीकडे चालले होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ओतीव लोखंडाचं, दांडा फिरवायचं, फळीला आवळायचं एक विलायती मशीन होतं. शिवप्पानं लिहिलं की साहेब दिवसाला सहा कप कॉफी पितात, तेव्हा मशीन दुसरं कशाचं असणार. रविवारी सकाळच्या गाडीनं मी कुर्डुवाडी गाठली. मशीन पाहिलं आणि मन भरलं. वजन असं की पुढच्या दोन पिढ्यांनी चटणी वाटली तरी दात पडायचा नाही. साहेबांनी पैसेही घेतले नाहीत. मी मशीनवर हात ठेवून दोनदा "कॉफी?" म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि बिचाऱ्यांनी मला कॉफी करून पाजली. मी ते पोराला घ्यावं तसं मांडीवर घेऊन सोलापूरला आलो.

हेमावतीनं मशीन धुतलं, विभूतीची तीन बोटं ओढली, वर फूल ठेवलं. फळीला आवळून आप्पांना बोलावलं. त्यांनी बिया टाकल्या, दांडा फिरवला. समोरच्या जाळीतून बिया होत्या तशाच, फार तर दुखावलेल्या, एकेक बाहेर आल्या. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. तेवढ्यात शेजारचे दस्तगीरभाई वर्तमानपत्र मागायला आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात बोलले.

"मास्तर, बुरा नक्को मानो. ये खिम्याचं मशीन हाय. आमच्या घरात बी असलंच हाय."

अक्का, आपल्या सात पिढ्यांत कुणी खिम्याचं मशीन पाहिलेलं नाही, तर मी कुठून ओळखणार? हेमावतीनं चिंच आणि राख घेऊन स्वयंपाकघर तीनदा धुतलं, मला दोनदा आंघोळ घातली आणि शिवप्पाला जे कार्ड लिहिलं ते पोस्टानं कसं नेलं कोण जाणे. मशीन दस्तगीरभाईंकडे पोचतं केलं. आणि आप्पा? ते भिंतीला टेकून इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं. अव्वा गेल्यावर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा खिम्याची मशीनं मांडीवर घेऊन येईन. पण दुसऱ्या दिवशी पाचला ते पुन्हा खिडकीशी उभे होते.

बाकी विशेष काही नाही. पत्राचं उत्तर सवडीनं दे.

तुझा,
गुरू

ता. क. : सवडीनं नको, लगेच दे. तुझ्या लग्नात आप्पांनी आपल्या मोडलेल्या मशीनच्याच जोडीचं दुसरं मशीन दिलं होतं. दाजी चहावर गेल्यापासून ते तुमच्या माळ्यावर पडून असेल. आहेरातली वस्तू परत मागू नये हे मला कळतं, म्हणून तर एवढं लांबण लावलं. गोणपाटात बांधून रेल्वे पार्सलनं पाठव. आप्पांना यातलं काही माहीत नाही.

पुन्हा ता. क. (आप्पांच्या हातचं) : कमळे, पत्र टाकायला माझ्याजवळ दिलं म्हणून वाचलं. गुरूचं समदं खरं मानू नको. मी काय उपाशी न्हाय. रोज सकाळी सहाला दस्तगीरकडं चहा पितो, साखर लई घालत्यात. घरात सांगू नको. मशीन पार्सलनं धाडू नको, दात मोडत्यात. तूच घिऊन ये. अव्वाचे दिवस करून गेलीस ती दोन वर्सं झाली, हितं पाय ठेवला न्हाईस. तुला अव्वाबिगर हे घर बघवत न्हाय, ते मला कळतंय. मला बी बघवत न्हाय. दोघं मिळून बघू की. चार दिस ऱ्हा. मशीन विसरलीस तरी चालंल.