हार न घातलेला फोटो

बुलडाणा, ता. २० ऑक्टोबर १९३६

चि. इंद्रभान यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आठवतं का, खामगावला दुपारी दार लावून पडलो की दाराच्या भोकातून रस्ता भिंतीवर उलटा यायचा? एक केळीवाली पाय वर करून गेली, तेव्हा तू मला विचारलंस, अक्का, हिची केळी पडत कशी नाहीत. त्या भोकानंच तुला फोटोग्राफर केलं, असं मी शाळेतल्या मुलींना सांगते.

काचेच्या प्लेटी सोडून तू रिळाचा कॅमेरा घेतलास. एका रिळावर आठ फोटो कसे मावतात? एकावर दुसरा चढत नाही? दुकानाच्या काचेत नमुन्याचे फोटो लावल्यापासून गिऱ्हाईक वाढलं का, तेही कळव.

तुझी,
सत्यभामा

मलकापूर, ता. ३० ऑक्टोबर १९३६

ती. अक्कास इंद्रभानचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोटो एकावर एक चढत नाहीत, गिऱ्हाईकही चढत नाही. दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा केली. झेंडूचा हार लांब झाला, म्हणून उरलेलं टोक काचेतल्या शेजारच्या फोटोवर सोडलं. फोटो उंद्रीच्या भगवानराव पाटलांचा. त्यांचे व्याही शेषराव स्टेशनाकडे चालले होते. हार पाहून त्यांनी आगगाडी सोडली आणि रडत उंद्री गाठली. तिथं भगवानराव ओसरीवर दाढी करून घेत होते.

दुसऱ्या दिवशी पाटील दुकानात हजर. म्हणाले, मले जित्तेपणीच काऊन टांगलं बे, माही बायको आता कुंकू लावताना दहा खेपा मले पाहून राह्यली.

तेव्हापासून बाजारात बोलतात, इंद्रभाननं टांगलेला माणूस टिकत नाही. दोन लग्नांची कामं गेली. कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनाची जागा आहे. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वाट पाहतो, मग कॅमेरा विकतो. रागावू नये, माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
इंद्रभान

बुलडाणा, ता. ३ नोव्हेंबर १९३६

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले. मग त्या पाटलीणबाईंचा हात डोळ्यांसमोर आला आणि हसू थांबलं. कॅमेरा विकू नकोस.

माझा एकच फोटो आहे, मिशनच्या सिस्टरांच्या शाळेतला. फोटोवाले हलू नका म्हणाले होते, आणि मी कौलावरच्या कबुतराकडे पाहिलं. साऱ्या मुलींमध्ये माझ्या जागी नुसता धूर आहे. आपण कशा दिसतो, हे कळायचं राहूनच गेलं. तुझा नवा कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो घेतो म्हणतोस, तर मी रविवारच्या मोटारीनं येते. माझा मोठा फोटो काचेत टांग. दिवाळीभर त्याच्याखाली खुर्ची टाकून मी मोजे विणत बसेन. माझ्यामागं कुणाचं कुंकू नाही. लोकांनी वर पाहावं, खाली पाहावं आणि आपलं ठरवावं.

शिवाय टांगायचंच कशाला? पोस्टकार्डाएवढे फोटो छाप. सासरी गेलेल्या लेकीला आईबाप पेटीत ठेवता येतील, टपालानं धाडता येतील. उंद्रीला, पिंपळगावला कुणी हे विचारलंय का? तू विचार.

लोभ आहेच, आता भेटीत वाढवू.

तुझी अक्का,
सत्यभामा

ता. क. माझी चार कार्डं काढ. पहिलं भगवानरावांच्या बायकोला, मागं लिही की फोटोतली बाई खुशाल आहे. दुसरं शेषरावांना, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांची गाडी चुकणार नाही. तिसरं आपल्या बहिणीला, वच्छलेला, तिच्या सासरी. चौथं सिस्टरांना, धुराच्या जागी चिकटवायला. मोठा फोटो तुझा. त्याच्याजवळ झेंडू आणू नकोस. पुढं कधी हार घालायची वेळ आलीच, तर दुसरा फोटो शोधत बसू नकोस, हाच घे.