हे काढू नका

१२ मार्च, बुधवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. तुझे तीन जिने चढून आल्यावर ती तासभर तरी उठणार नाही, म्हणजे तुला वाचावंच लागेल. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. मेल तू उघडला नसतास. तुझ्या जागी मीही नसता उघडला.

तुझ्या खोलीत आता माझं टेबल आहे. खिडकीची कडी अजून मोडकीच.

कामाचं सांगते. आपली सॉफ्टवेअरची लायब्ररी आम्ही सहा जण सात महिने पार उसवून नव्याने शिवतो आहोत. फ्रीज, गोदामं, प्रयोगशाळा, जिथे जिथे लोक ती फुकट घेऊन तापमानाचे सेन्सर वाचतात, तिथलं जुनं काही मोडणार नाही, असं मी जाहीर लिहून दिलं आहे. नवी आवृत्ती शुक्रवारी निघायची आहे. कोडच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, एकही नापास नाही.

त्या हिरव्या कशा झाल्या, ते सांगायला दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे.

सेन्सर वाचणाऱ्या फाइलमध्ये तुझी एक ओळ होती. सेन्सरने उत्तर दिलं नाही, तर आकड्याऐवजी रिकामं परत करणारी. वर तुझी टीप, ‘हे काढू नका. कारण नंतर लिहितो.’ तुझं ते ‘नंतर’ नऊ वर्षांत उगवलं नाही. मला ती ओळ डोळ्यांत खुपायची. मी ती काढली. सेन्सर गप्प बसला तर आधीचाच आकडा पुढे जाईल असं केलं. छान, सलग आलेख. लगेच एक टेस्ट लाल झाली. तुझीच होती. मला वाटलं, टेस्टच जुनाट आहे. मग मी कोड नाही, टेस्ट बदलली.

सोमवारी एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंचा मेल आला. आपली प्रत्येक नवी आवृत्ती निघण्याआधी त्या एका फ्रीजवर लावून बघतात. रविवारी त्या फ्रीजची वीज गेली. सेन्सर त्याच तारेवर, तोही बंद पडला. स्क्रीन सहा तास चार अंश दाखवत राहिली. भोंगा वाजला नाही. बाईंनी दार उघडलं तेव्हा आत गारवा नव्हता. बावीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्यातली एकही कुणाला चढवली गेली नव्हती, हे मी तीनदा वाचलं.

शेवटी लिहिलं होतं, ‘आधी इथे रिकामं यायचं आणि आमचा भोंगा वाजायचा. तुमच्या दादांना विचारा. माझ्याशी फोनवर बोलूनच त्यांनी ती ओळ घातली होती.’

दादांना विचारा म्हणे. कोणत्या तोंडाने विचारणार?

कारण तुला मी काय सांगितलं होतं आठवतं? वर्षभर ज्याने कोड टाकला नाही, त्याचं नाव नियमाने सभासदांच्या यादीतून जातं. तो नियम मी त्याच आठवड्यात लिहिला होता. तुझ्यासाठीच. माझ्या प्रत्येक बदलावर तू विचारायचास, ‘यात कुणाचं मोडेल?’ आणि मला चारचौघांत कान पिळल्यासारखं वाटायचं. आईला मी सांगितलं, दादाला आता कंटाळा आलाय. हे खोटं होतं. मला लाज वाटते.

आता ऐक. उद्या संध्याकाळी सहाला बैठक आहे. बाकीचे पाच म्हणतात, ‘ती एक ओळ परत लाव, शुक्रवारी निघू दे. पुढे काही निघालं तर बघू.’ त्यांचंही बरोबर आहे, कारण त्यांना एकच ओळ माहीत आहे. मी अशा आणखी अकरा टेस्ट बदलल्या आहेत. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. उद्या सांगेन, नाक कापलं गेलं तरी. त्या टेस्टची यादी सोबत आहे. प्रत्येकीपुढे कारणाची जागा कोरी आहे, कारण ती कारणं फक्त तुझ्या डोक्यात आहेत. त्यातली एखादी अशीच कुठल्या फ्रीजवर बसली असेल, तर कुणाच्या जिवावर बेतेल.

दोन जुन्या सभासदांनी नकार दिला की आवृत्ती थांबते, हा तुझाच नियम. तो मी मोडला नव्हता, फक्त तुला यादीतून काढलं होतं. काल तुझं नाव परत घातलं आणि आधी का काढलं होतं तेही खाली सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं. ओळही परत लावली आहे. ‘कारण नंतर लिहितो’ खोडून तिथे रक्तपेढीचं कारण लिहिलं.

माझा नकार आज सकाळीच आवृत्तीच्या पानावर नोंदवला. तो एकच आहे.

माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण उद्या सहाच्या आत त्या पानावर जा आणि माझ्या नावाखाली ‘नाही’ एवढं लिही. आयुष्यभर तुझ्या ज्या शब्दावर चिडले, तोच आज मागते आहे.

आईला जिना उतरताना हात दे.

जिला तू घाईबाई म्हणायचास आणि जी आज थांबली आहे,
ती तुझी धाकटी