सकाळची पहिली तीन मिनिटं

रविवार, ८ डिसेंबर २०२४

सकाळी आठला मलकापूरचे गृहस्थ गाडी बघायला आले. बरोबर मेहुणा. चहा नको म्हणाले. आधी बॉनेटवर हात ठेवून बघितला. थंड लागलं तसे खूश झाले — "लोक आधी गरम करून ठेवतात. तुम्ही सरळ दिसता." मग किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, थरथरली, बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा धरली, पण अशी हादरत होती की आरशाला लावलेली माळ सारखी काचेवर आपटत होती.

मेहुणा म्हणाला, "भावजी, हिला तर थंडीताप आलाय!"

दोघं निघून गेले. ते कोपऱ्यावर पोचले नसतील तोवर गाडी आपोआप शांत झाली. जसं काही झालंच नाही.

माझी बायको कस्तुरी, तिला जाऊन दोन महिने आणि एक आठवडा झाला. गाडी तिची. मला चालवता येते, पण बाजारापर्यंत. विकायची ठरवली त्याचं कारण लोकांना हेच सांगतो.

खरं कारण इथं लिहितो. राजवर्धन मागतो आहे. त्याच्या हातात जायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आहे.

राजवर्धन ती शिकवायची त्या शाळेत खेळाचा शिक्षक. वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान. नऊ वर्षं रोज सकाळी सहाला आमच्या गेटपासून तिच्या शेजारी बसून इस्लामपूरला गेला. जाताना एक तास, येताना एक तास. त्या वेळी मी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला. मी घरी येईपर्यंत त्यांनी आष्टा ओलांडलेलं असायचं.

नऊ वर्षं, रोज दोन तास. माझ्याशी ती दिवसाला किती बोलायची? हिशेब करायचा नाही असं ठरवलं आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

राजवर्धनचा फोन. "अण्णा, गाडी बाहेर देऊ नका. मी घेतो. म्हणाल तसं." बघू म्हणालो.

अंत्यविधीला तो मोठ्यानं रडला होता. दोघांनी धरलं होतं त्याला. मी सरळ उभा होतो. लोकांनी आम्हा दोघांनाही पाहिलं.

बुधवार, ११ डिसेंबर

गाडी घेऊन मिरज रोडला सिद्धूच्या गॅरेजला गेलो. हा जतकडचा. कस्तुरी त्याच्याकडंच गाडी नेत असे, मी पहिल्यांदाच गेलो. गाडी तिथं पोचेपर्यंत गरम झाली होती. दहा वेळा बंद करून चालू केली. दहाही वेळा सुरळीत!

सिद्धू हसला. "आवं अण्णा, ताप उतरल्यावर पेशंट आणलाय तुमी. थंड गाडीचं दुखणं थंड गाडीतच घावतंय."

मग विचारलं, "बाई सकाळी कशा चालू करत हुत्या? पहिल्या झटक्यात व्हायची का? पाय द्यावा लागायचा का? धूर कसला? वास कसला?"

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं. पोरांना सांगत आलो — आधी नीट बघा, मग लिहा. आणि माझ्या दारातली गाडी रोज सकाळी काय करते ते मी बघितलेलं नाही.

"तवा त्या मास्तरांला इचारा की," सिद्धू म्हणाला. "ते असायचे रोज. बाई लय गप्पिष्ट! हितं आल्या की ऑइल बदलूस्तवर पोरांच्या अशा नकला करायच्या, आमी हसून हसून पाना खाली टाकायचो."

नकला. कस्तुरी.

सिद्धूनं प्लग बदलून दिले. म्हणाला, उद्या सकाळी बघा, फरक पडला तर ठीक.

गुरुवार, १२ डिसेंबर

फरक नाही. राजवर्धनला विचारणार नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

विचारलं.

फोनवर विचारलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. पण तो "येतोच" म्हणाला आणि आला. शाळा सुटल्यावर, बसनं. आता तो बसनं जातो.

विचारलं तसं त्यानं लगेच सगळं सांगितलं. एकदाही आठवावं लागलं नाही. किल्ली फिरवताना ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवायचा. चालू झाली की तीन मिनिटं पाय काढायचा नाही. काढला की बंद. पावसाळ्यात कमी त्रास, थंडीत जास्त. धूर नाही. सुरुवात कधी झाली? "दोन वर्षांपूर्वी, अण्णा. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, हिलाबी शाळेत जायचं जिवावर आलंय."

आणि पुढं, हसत — "रोज गाडीला म्हणायच्या, उठा महाराणी, घंटा झाली! मग आम्ही तीन मिनिटं मोजायचो. मॅडम मोबाईलवर नाही बघायच्या. पाढे म्हणायच्या, अकरापासून एकोणतीसपर्यंत. एकोणतीसचा पाढा संपला की गाडी गप्प!"

हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

मी म्हणालो, चहा घेतोस का. नको म्हणाला. बरं झालं.

तिनं मला दोन वर्षांत गाडीबद्दल एक शब्द सांगितला नाही. घरी ती महाराणी नव्हती म्हणत. घरी ती "वाढू का" म्हणत होती. "झोपते" म्हणत होती. मला वाटायचं, ही माझ्यासारखीच आहे, कमी बोलणारी. तीच माझ्या मनाची शांती होती. तीसुद्धा खोटी निघाली.

वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. त्याची बायको प्रांजल, तिच्या डोहाळजेवणाला कस्तुरीनं स्वतः साडी घेतली होती. वाईट काही असतं तर निदान राग तरी धरता आला असता. हे काय आहे? पाढ्यांवर जळतोय मी.

रविवार, १५ डिसेंबर

गाडीत बसलो. किल्ली फिरवली, पाय हलका ठेवला, पाढे म्हणायला लागलो. सव्वीसच्या पाढ्याला शांत झाली. मी सावकाश म्हटले असतील किंवा ती भरभर म्हणत असेल. कुणाला विचारू? पुन्हा त्यालाच!

मंगळवार, १७ डिसेंबर

संध्याकाळी गाडी सिद्धूकडं ठेवून आलो. रात्रभर तिथंच राहू दे म्हणाला. "सकाळी मी हात लावायच्या आदी तुमी या. तुमच्या समोर बघतो."

बुधवार, १८ डिसेंबर

पहाटे सहाला गॅरेजमध्ये. सुतकाचे दिवस सोडले तर दहा वर्षांत पहिल्यांदा अभिषेक चुकला. सिद्धू कान झाकून, बिडी विझवून तयार होता. इंजिन बर्फासारखं थंड. त्यानं स्टेअरिंगच्या खाली मशीन जोडलं आणि नुसती किल्ली ऑन केली, गाडी चालू केली नाही.

पडद्याकडं बघून शिट्टी मारली. "अण्णा, हात लावा इंजिनला."

लावला. गार.

"आन् आता हे वाचा."

इंजिनचं तापमान — ८४.

"गाडीला वाटतंय ती इस्लामपूरहून आत्ताच आल्या!" मग समजावून सांगितलं. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं. ते किती द्यायचं हे एक सेन्सर ठरवतो, तो पाण्याच्या वाटेत बसवलेला असतो. तो ८४ वर अडकलाय. म्हणून सकाळी पेट्रोल कमी पडतं, गाडी थरथरते. खरोखर गरम झाली की आकडा आपसूक खरा ठरतो आणि सगळं ठीक. "दिवा का लागला न्हाई म्हणाल तर आकडा पटण्यासारखा हाय. दोनशे दाखवला असता तर कॉम्प्युटर वरडला असता."

सेन्सर काढला. टोकावर पांढरा थर, बोट लावलं तर चुन्यासारखा. खाली पितळ खाल्लेलं. पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं तर तिथंही तेच. सिद्धूचा आवाज बदलला. "हेच्यात पाणी कुणी वतलंय? बोअरचं? आवं, इंजिन गार ठेवायला रंगीत कूलंट असतंय, तेच्यात आपलं हितलं जड पाणी वतलं की किटली होती गाडीची. एकदा-दोनदाचं न्हाई हे. वर्सानुवर्सं वतलंय."

मी म्हणालो, राजवर्धननं ओतलं असणार.

का म्हणालो? कारण मला तसं हवं होतं. येताना रिक्षात चक्क हलकं वाटत होतं. नऊ वर्षं गाडीत बसला आणि तिच्या गाडीचं वाटोळं केलं. खेळाचा मास्तर!

गुरुवार, १९ डिसेंबर

जुना सेन्सर सिद्धूकडून मागून आणला होता. आज मीटर काढला, थर्मामीटर काढला. पातेल्यात थंड पाण्यात सेन्सर धरला, मीटरवरचा आकडा लिहिला. पाणी तापवलं, दर दहा अंशांना आकडा लिहिला. उकळेपर्यंत. आकडा तोच. जागचा हलला नाही. बऱ्याच दिवसांनी दोन तास बरे गेले.

शुक्रवार, २० डिसेंबर

नवा सेन्सर बसवला. आतलं सगळं धुऊन कूलंट भरलं.

शनिवार, २१ डिसेंबर

सकाळी थंड गाडी चालू केली. एका झटक्यात. पाय नाही, पाढे नाहीत. दारात उभी राहिली तर आवाजही कळत नव्हता. मला काय वाटलं ते लिहितो — आता राजवर्धनला माहीत आहे असं या गाडीत काही उरलं नाही.

मलकापूरच्यांना फोन केला. सोमवारी येतो म्हणाले.

मग राजवर्धनला बोलावलं. फोनवर सांगता आलं असतं. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता.

आला. मी सेन्सर त्याच्यासमोर ठेवला. म्हणालो, "बोअरचं पाणी घातलंस गाडीत. एवढंही कळत नाही?"

"मी नाही घातलं, अण्णा."

"मग कुणी?"

सेन्सर उचलून म्हणाला, "मॅडमनी."

"तिला कूलंट माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की." सेन्सर हातात फिरवत राहिला. "अण्णा, तुम्ही रोज दोन बाटल्या गाळून भरून द्यायचात ना... मॅडमना ते पाणी घशाखाली उतरायचं नाही. शाळेत फिल्टरचं प्यायच्या. भरल्या बाटल्या घरी आणल्या तर तुम्हाला वाईट वाटणार. रस्त्यावर ओता म्हणालो मी एकदा, तर माझ्यावरच उखडल्या — अरे, पहाटे उठून दुहेरी फडक्यानं गाळलंय त्यांनी, रस्त्यावर कसं ओतू? मग शाळेतल्या कुंड्यांना घालायच्या. आणि शनिवारी थोडं गाडीला. टाकीतलं पाणी जरा कमी व्हायचंच तिचं. म्हणायच्या, चला, महाराणी तरी पितात."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणालो होतो त्यांना, अण्णांना सरळ सांगा की. तर म्हणाल्या, तुला नाही कळायचं. गप बस आणि बाटली दे इकडं."

तो कधी गेला ते मला नीट आठवत नाही. गेट लावून गेला.

आमच्यात पाणी गाळूनच पितात. वडील गाळायचे, मी गाळतो. तिच्या बाटल्या मी स्वतः बोअरच्या पाण्यानं भरायचो, पाच वाजता, बस्तीत जायच्या आधी. दुपारी त्या रिकाम्या परत यायच्या, मी धुऊन पालथ्या घालायचो. तिच्यासाठी मी रोज करत होतो ते एवढंच एक काम. रिकाम्या बाटल्या बघून बरं वाटायचं. ती काही बोलली नाही तरी चालायचं, बाटल्या रिकाम्या आहेत ना!

आणि हे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं. रोज दुपारी माझ्या दारात उतरून मला "नमस्कार अण्णा" म्हणत होता, आणि त्याला माहीत होतं.

रविवार, २२ डिसेंबर

अभिषेकाला गेलो नाही. कुणी विचारायला आलं नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

मलकापूरच्यांना येऊ नका म्हणून कळवलं. राजवर्धनला निरोप दिला, गाडी घेऊन जा.

लग्नाचं दुसरं वर्ष. या घरात नुकतेच आलो होतो, बोअर नवं होतं. जेवताना ती म्हणाली, "पाणी मचूळ लागतंय हो." मी म्हणालो, "गाळलेलं आहे." एवढंच. तिनं ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. पाण्याबद्दल परत बोलली नाही. मग हळूहळू बाकी कशाबद्दलही नाही.

हे मला आज आठवलं असं नाही. कायम आठवत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर त्याच पाण्याचा एक ग्लास भरून घेतला. खाली बसून सावकाश प्यालो. मला काही चव लागली नाही. दुसरा भरला. तोही प्यालो. ग्लास विसळून ठेवला.