आळीपाळीचं राज्य

सासूबाई, तुम्ही गेलात त्याला जमाना झाला, पण मला अजून लिहिता येत नाही. एडिसनच्या घरात ओट्याशी बसून मी सांगतेय आणि सून लिहून घेतेय. अमेरिकेत मी आळीपाळीनं राहते: थोरल्याकडे एडिसनला, मग लेकीकडे रेडमंडला, मग धाकट्याकडे शुगर लँडला. परवा नात शाळेसाठी मलेशियाचं वाचत होती. म्हणाली, "आजी, तिथे नऊ राजघराणी आहेत. दे टेक टर्न्स! पाच वर्षं एक राजा, मग दुसऱ्या घरचा." म्हटलं, "अगं, हे माझंच की!" "पण राज्य पंतप्रधान चालवतो. पार्लमेंटमध्ये ज्याच्या बाजूनं जास्त लोक, तो. राजाला त्याचा सल्ला घ्यावा लागतो." "घ्यावा लागतो की मानावा?" "मानावाच लागतो, मोस्टली." "मग सरळ हुकूम म्हणा ना!"

तुमच्या राज्यात असली भानगड नव्हती. राजाही तुम्ही, पंतप्रधानही तुम्हीच. चुलीपाशी पाटावर बसलेल्या दिसता मला, मिठाची बरणी मांडीशी घेऊन. "तुझा हात सैल आहे, मीठ मीच घालणार." मग एकदा तापानं फणफणलात, तेव्हा बरणी माझ्याकडे सरकवलीत. "घाल तू. मी नुसतं चाखते." बऱ्या झालात तरी ती परत मागितली नाहीत. इथे ही सून रोज आमटीचा चमचा माझ्यापुढे धरते. "आई, मीठ बघा." मी चाखते, मान हलवते, की झाला कायदा पास. एकदा म्हटलं, कमी आहे. तर म्हणे, "डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय, आई." हाच तो सल्ला! पण मला विचारल्याशिवाय तिनं कधी पानं वाढली नाहीत.

आज सकाळी तिनं विचारलं, "आई, रेडमंडचं तिकीट बुक करू ना? ताई वाट बघतायत." सवयीनं मान हलली माझी. लेकीवर जीव आहे हो, पण ती मला देव्हाऱ्यातल्या देवासारखी ठेवते. नैवेद्य दाखवते, विचारत काही नाही. मला अजून इथेच राहायचंय.

काय गं, थांबलीस का? लिही.

सासूबाई, हे कागद तुमच्यापर्यंत कुठले पोचायला! तुमचं नुसतं नाव पुढे केलं. सांगायचं होतं ते हिला, जी खाली मान घालून लिहितेय.