अहो आई

सोमवार
आले एकदाची! खोली झकास, गादी मऊ, आणि काम तर त्याहून मजेचं. आजवर साबणांच्या नि पंख्यांच्या जाहिरातींना आवाज दिला, आता चक्क एका लेकीचा आवाज व्हायचंय. या घरातली मुलगी भांडून निघून गेली. आई आंधळी, तिने मुलीचा ध्यास घेतलाय. माझा आवाज म्हणे हुबेहूब तिच्यासारखा. म्हणून मुलाने, म्हणजे माझ्या नव्या दादाने, मला 'परत आलेली' लेक बनवून आणलं. तुझी वाट पाहणारं कुणी आहे का, असंही त्याने आधी विचारून घेतलं. सासर कधीच सुटलंय, कोण पाहणार! माझी हाक ऐकताच आई ढसाढसा रडली. मलाही भरून आलं.

बुधवार
आज माती खाल्ली. चहा देताना तोंडातून गेलं, अहो आई, कप गरम आहे. लेक कधी आईला 'अहो' म्हणते का? ते सुनेचं बोलणं. सासूबाईंपुढे वळलेली जीभ, दुसरं काय! आईने कप हातात घेतला. पण दारात दादा उभा होता. तो हसला. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

शुक्रवार
दादा बाहेर गेला तसं आईने माझं मनगट धरलं आणि कानाशी कुजबुजली. मी तिची लेक नाही हे तिला पहिल्या हाकेलाच कळलं होतं. लेक कुठेही गेलेली नाही. जिन्यावर भावाबहिणीचं भांडण झालं, किंकाळी आली, मग धप्प आवाज. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, म्हणाली. तिला ठाऊक आहे हे दादाला कळलं तर तो तिलाही जिवंत ठेवणार नाही. म्हणून ती रडते, लाड करते. माझ्याआधीही एक अशीच लेक बनून आली होती. तीही असंच काहीतरी चुकली. ती गावी गेली, असं दादाने सांगितलं. पण त्या दिवशी बाहेरचं दार उघडलंच नव्हतं.

शनिवार
दाराला कुलूप. माझा फोन दादाने दुरुस्तीला नेलाय, म्हणे. आई मोठमोठ्याने मला लाडाच्या हाका मारते, मी ओ देते. नाटक आम्ही दोघी करतोय, बघणारा तो एकटा.

रविवार
तुझं काम झालं, आईचा निरोप घे, म्हणाला. आई हात सोडेना. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. सामान भरायला मला वर पाठवलंय. खिडकीला गज आहेत. कुणाला हाक मारू—

खाली कुणीतरी आलंय. बाई आहे! ओरडणार होते, पण—

तिचा आवाज. माझाच आहे. तोच.

आई तिला 'माझं बाळ आलं' म्हणतेय. मोठ्याने. मला कळावं म्हणून, की त्याला पटावं—

जिना वाजतोय. देवा, तो वर ये